रात्री आभाळ होतं का, ते आधी विचारा

हिमस्खलन म्हटलं की डोळ्यासमोर येतो भर थंडीतला, मोठ्या बर्फवृष्टीनंतर उसळणारा पांढरा धुरळा. वसंतातलं प्रकरण वेगळंच असतं, आकाश निळंशार, वारा नाही, ऊन मस्त, आणि नेमकं अशाच दुपारी अख्खा उतार खाली येतो.

डोंगरावरचा बर्फ म्हणजे एक लादी नसते हो. हिवाळाभर जेवढ्या वेळा बर्फ पडला तेवढे थर एकावर एक बसलेले असतात, काही घट्ट, काही साखरेसारखे दाणेदार, ज्यांची एकमेकांवर पकड अशी नसतेच. थंडीत हे सगळं गोठून कसंबसं टिकतं. वसंतात वरपासून खालपर्यंत सगळा बर्फ 0 डिग्रीवर येतो आणि तिथून पुढे मिळालेली उष्णता तापमान वाढवत नाही, नुसता बर्फ वितळवते. थोडं पाणी चालतं, उलट ओल्या वाळूसारखं ते कणांना धरूनच ठेवतं, पण जास्त झालं की कणांमधले जोड सुटतात, आणि झिरपणारं पाणी मध्येच एखाद्या कडक थरावर अडून साचलं तर वरचा सगळा भार तिथूनच सटकतो.

म्हणून मी तर म्हणेन, दिवसा पारा किती चढणार यापेक्षा रात्री आभाळ होतं का ते आधी बघा. आकाश मोकळं असेल तर बर्फ रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहतो, हवा 2-3 डिग्री असली तरी वरचा थर गोठू शकतो. ढग असले की ते तीच उष्णता परत खाली पाठवतात, बर्फ गोठतच नाही आणि सकाळची सुरुवातच चिखलाने होते.

नीट गोठलेल्या बर्फावर पहाटे बूट खटखट वाजतात. मग ऊन चढतं, वरचे दोन-तीन सेंटीमीटर मऊ होतात, पाय घोट्यापर्यंत रुतायला लागतो, आणि गुडघ्यापर्यंत गेला म्हणजे तुम्हाला परत फिरायला उशीर झालाय. उतारावरून आपोआप गुंडाळत येणारे छोटे गोळे दिसले तरी तेच समजायचं. ऊन आधी पूर्वेच्या उतारांवर येतं, पश्चिमेकडे दुपारी, धोकाही त्याच क्रमाने सरकतो.

ओलं स्खलन कोरड्यापेक्षा हळू असतं, पण म्हणून त्याला कमी धोक्याचं समजू नका. ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला 100 किलोच्या आसपास किंवा कमीच, ओल्या वसंती बर्फाचं 400-500. थांबला की असा घट्ट बसतो की गाडलेल्या माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही, आणि पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलं नाही तर वाचायची शक्यता झपाट्याने घसरते.

एक प्रकार मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही. गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावर तळाशी पाणी आलं की सगळा बर्फ जमिनीवरूनच सरकतो, वर मोठी आडवी भेग पडते. ती भेग दिसल्यावर तो उतार तासाभरात कोसळेल, मध्यरात्री कोसळेल, काही आठवड्यांनी, किंवा नुसता तिथेच बसून वितळून जाईल.