तीव्र लठ्ठपणा : शस्त्रक्रिया आणि जीवनशैलीतील बदल

वजन खूप वाढलेल्या माणसाने ते आहार, व्यायाम आणि झोप सुधारून उतरवावे की जठरावर शस्त्रक्रिया करून घ्यावी, हा वैद्यकातला जुना वाद. शस्त्रक्रियेला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात; बोलीभाषेत ‘पोट छोटं करायचं ऑपरेशन’. वादाचे उत्तर पुष्कळसे आकड्यावर, म्हणजे बीएमआयवर ठरते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो निघतो. १६० सेंमी उंचीच्या बाईचे वजन १०३ किलो असेल तर तिचा बीएमआय ४० च्या किंचित वर जातो, आणि ४० पासून पुढचा लठ्ठपणा तीव्र मानतात. भारतीयांना मधुमेह तुलनेने कमी वजनावरच गाठतो, त्यामुळे आपल्याकडे २५ लाच लठ्ठपणा धरतात. शस्त्रक्रियेची शिफारस २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ च्या पुढे केली जाते; आशियाई लोकांसाठी तिचा विचार २७.५ पासूनच करता येतो.

आहार-व्यायामाची वाट किती अवघड, हे इंदूरात रोज सकाळी रस्त्यावर दिसते. नेहरू पार्कात किंवा मेघदूत उपवनात तासभर फिरायचे आणि घरी परतताना कोपऱ्यावर पोहे-जिलबी घ्यायची, ही रामबाग-लोकमान्यनगरातल्या मराठी घरांचीही जुनी रीत. चालण्यात जेवढे जळले तेवढे पोह्यांवरची शेव आणि जिलबीचे दोन वेढे सहज भरून काढतात. रात्री सराफ्यात सोन्या-चांदीची दुकाने बंद झाली की ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि जीरावण मसाला भुरभुरलेले गराडू, म्हणजे तळलेले कंद, सुरू होतात. असल्या गावात वजन हे फक्त इच्छाशक्तीचे काम मानणे अन्यायाचे आहे. अर्थात दोष एकट्या सराफ्याचाही नाही.

खरी अडचण शरीराच्या आत आहे. वजन उतरू लागले की शरीर त्याला उपासमार समजते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक चढते, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरके उतरतात आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्चही घटतो. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचे शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत होते. ‘खाणं कमी कर’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांना हा हिशेब माहीत नसतो.

जीवनशैलीची सर्वांत कसून झालेली परीक्षा म्हणजे ‘लुक अहेड’ हा अमेरिकी प्रयोग. टाइप-२ मधुमेहाच्या ५,१४५ जणांपैकी एका गटाला आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि व्यायामाचा पाठपुरावा असे सगळे वर्षानुवर्षे दिले गेले. पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरले, शेवटी ६ टक्के टिकले. वरच्या उदाहरणातल्या बाईंच्या हिशेबात १०३ वरून साधारण ९७ किलो. साखर आणि चालण्याची क्षमता सुधारली. हृदयविकाराचे प्रमाण मात्र घटले नाही आणि २०१२ मध्ये प्रयोग थांबवण्यात आला. तरी ही वाट टाकाऊ नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत अशाच बदलाने मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये दिसले होते. म्हणजे आजार लवकर धरला तर जीवनशैली जिंकते. बीएमआय ४० पार झाल्यावर तिची ताकद अपुरी पडते.

शस्त्रक्रियांपैकी आज सर्वाधिक केली जाते ती स्लीव्ह. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः तयार होते तो भागही त्यात जातो, म्हणून भूकच मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ रुग्ण पाहिले गेले. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचे वजन सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते, दुसऱ्या गटाचे जवळपास जिथल्या तिथे. आपल्या बाई इथे ७७ किलोंवर येतात. शस्त्रक्रियेच्या गटाला साधारण तीन वर्षांचे आयुष्यही जास्त मिळाले, पण सामान्य लोकांच्या तुलनेत ते कमीच राहिले. एक खोट सांगायला हवी: हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि दुसऱ्या गटाला गावातल्या दवाखान्यात मिळतील ते नेहमीचेच उपचार होते. सामना थोडा एकतर्फी होता.

शस्त्रक्रियेनंतर जीवनशैलीच बदलते, आणि तीही सक्तीने. सुरुवातीला वरणाचे पाणी, ताक, मुगाचे कढण. मग पातळ खिमट, मऊ भात. पुढे नेहमीचे जेवण सुरू झाले तरी वाटी लहानच राहते. घास चावून चावून खायचा, आणि पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. शाकाहारी घरात डाळ, दही, पनीर मोजून वाढल्याशिवाय ती भरत नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर. गोड भरभर खाल्ले तर बायपासवाल्याला घाम, धडधड, जुलाब असा त्रास होऊ शकतो, त्यामुळे पंगतीतला आग्रहाचा लाडू त्याच्यापुरता धोक्याचाच. काहींना पित्ताशयात खडे होतात, काहींचे वजन पुन्हा चढते. शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका हजारात दोन-तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

अलीकडे तिसरा पर्याय आला आहे. सेमाग्लुटाइडच्या साप्ताहिक इंजेक्शनने सरासरी १५ टक्के, टिर्झेपटाइडने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरते. वजनासाठीची ही औषधे २०२५ मध्ये भारतात आली. थांबवली की उतरलेल्यातले बरेचसे वजन परत येते.

विम्याने मात्र या वादाचा निकाल आपल्या पद्धतीने लावला आहे. भारतीय विमा नियामकाच्या अटींनुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या रुग्णाचा बीएमआय ४० असेल, किंवा ३५ सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असे काही असून सौम्य उपाय फसलेले असतील, तर शस्त्रक्रियेचा दावा वजननियंत्रणाचा खर्च म्हणून नाकारता येत नाही. त्यामुळे आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या नोंदी फाइलमध्ये जपून ठेवाव्या लागतात.