एचआयव्हीसह दीर्घकाळ जगणारे : ठाणे आणि नवी मुंबई

एचआयव्हीची लागण होऊन वीस-पंचवीस वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लोटला, तरीही हयात असलेल्या व्यक्तींचा गट. जगभरच्या वैद्यकीय लिखाणात या गटाची सीमारेषा बहुधा १९९६ साली आखतात. त्या वर्षी तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला. त्याआधी लागण होऊन जे तगले ते दीर्घकाळ जगणारे. ठाणे जिल्हा आणि नवी मुंबईला ही रेषा जशीच्या तशी लावली तर हिशेब चुकतो. औषध निघाले त्यानंतर ते भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराच्या हाती पडायला आठ वर्षे लागली. भारतात मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणाऱ्या औषधांचा जन्मभराचा उपचार, १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. त्यामुळे या भागातल्या जुन्या रुग्णाबद्दल पहिला प्रश्न असा पडतो की २००४ उजाडेपर्यंत हा माणूस टिकला कसा?

उपचार न घेतल्यास लागणीपासून एड्सच्या अवस्थेपर्यंत साधारण आठ ते दहा वर्षे जातात. १९९० च्या आसपास ज्यांना लागण झाली त्यांची मुदत नेमकी १९९६ ते २००४ या आठ वर्षांत भरत आली. १९९८-९९ नंतर ज्यांना लागण झाली त्यांतल्या पुष्कळांना, केवळ बाधा उशिरा झाली म्हणून, औषध गाठता आले. जगण्यात तारखेचा वाटा एवढा मोठा असतो. मनोबलाच्या कहाण्या रंगवून सांगणाऱ्यांच्या तोंडी हे सहसा येत नाही.

पार्श्वभूमी

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली आणि विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. भारतातली लागण १९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी उघडकीस आणली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, १९९२ सालची. त्याच वर्षी १ जानेवारीला नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली आणि मे महिन्यात हार्बर मार्गाची लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली. शहर आणि साथ इथे बरोबरीने वाढले.

त्याला कारणे होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने, भिवंडीचे माग आणि गोदामे, १९८० नंतर मुंबईतून टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हललेल्या घाऊक बाजारपेठा, तिथला ट्रक टर्मिनल, पलीकडे न्हावा-शेवा बंदर. या सगळ्यांवर राबणारे पुरुष बहुतेक एकटे राहत. उत्तरेतून आलेले कामगार होतेच. पण कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावलेले माथाडी सातारा, सांगली, पुण्याच्या खेड्यांतले. घरची मंडळी गावी, कमाई इकडे, आणि गणपतीला किंवा जत्रेला गावी फेरी. लागणीचा संबंध या ताटातुटीशी आहे, धंद्याशी किंवा जातीपातीशी नाही. तरी ‘ड्रायव्हर लोकांचा आजार’ हा शिक्का बसायचा तो बसलाच, आणि ज्यांच्या घरात कोणी ट्रकवर नव्हते त्यांनी त्या भरवशावर वर्षानुवर्षे तपासणी केली नाही.

प्रशासनाच्या दृष्टीने मुंबई शहराची एड्स नियंत्रण संस्था वेगळी आहे. ठाणे आणि नवी मुंबई राज्याच्या संस्थेकडे येतात. जिल्ह्याच्या पातळीवर हे काम ‘डापकू’, म्हणजे जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, पाहते. नॅकोच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे.

औषधाविना कोण टिकले

बाधितांपैकी अगदी थोड्यांच्या शरीरात विषाणू असूनही रोगप्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे ढासळत नाही. यांतल्या काहींत एचएलए-बी ५७ किंवा बी २७ या प्रकारची जनुके आढळतात. औषधाशिवाय विषाणू जवळजवळ शून्यावर रोखून धरणारे तर शंभरात एकही नसतात. संशोधकांना त्यांचे मोठे अप्रूप आहे, आणि ते योग्यही आहे. पण ठाण्यातल्या जुन्या रुग्णांचे कोडे एवढ्याने उलगडत नाही.

बाकीचे टिकले ते साध्या गोष्टींवर. क्षयाचे निदान वेळेवर झाले आणि कोर्स पुरा झाला. सेप्ट्रान नावाने ओळखली जाणारी कोट्रायमोक्साझोलची स्वस्त गोळी रोज घेतल्याने एका घातक न्यूमोनियापासून बचाव झाला. काहींनी दागिने मोडून, जमिनीचा तुकडा विकून खासगी डॉक्टरकडून औषधे घेतली. सुरुवातीला हा उपचार जगात वर्षाला १०,००० डॉलरच्या वर जाई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा मिश्र उपचार स्वयंसेवी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगातला भाव कोसळला. तरीही रोजंदारीवरच्या माणसाला तो झेपणारा नव्हता. पैसे असतील त्या महिन्यात गोळ्या घ्यायच्या आणि नसतील त्या महिन्यात सोडायच्या, असे चाले. अशा धरसोडीने विषाणू औषधाला सरावतो. पुढे फुकट औषध मिळू लागल्यावरही त्यांतल्या काहींना नेहमीचा उपचार लागू पडला नाही.

२००४ नंतर

मोफत औषध सुरू झाले तेव्हा जवळचे केंद्र होते मुंबईचे जे. जे. रुग्णालय. ठाण्याहून भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड, वाशीहून हार्बरने सँडहर्स्ट रोड, ही वारी त्या पिढीच्या अंगवळणी पडली. पुढे ठाण्याचे सिव्हिल, वाशीचे महापालिका रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय अशी केंद्रे जवळ आली. पहिला उपचार निकामी ठरलेल्यांसाठी दुसऱ्या फळीची औषधे २००८ साली देशात दोनच ठिकाणी सुरू झाली, चेन्नईजवळचे तांबरम आणि जे. जे. म्हणजे पुन्हा तीच लोकल.

औषध फुकट होते, पण सगळ्यांना लगेच नव्हते. सीडी-४, म्हणजे विषाणू ज्यांचा नाश करतो त्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी, यांची संख्या २०० च्या खाली गेल्याशिवाय, किंवा आजार गंभीर झाल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००; एप्रिल २०१७ पासून निदान झाले की उपचार, हे धोरण आले. अडीचशे सीडी-४ असलेल्या बाईला ‘अजून तुमची वेळ आली नाही’ हे सांगणे समुपदेशकांच्या वाट्याला वर्षानुवर्षे आले. आजही जुना रुग्ण आपली ओळख आकड्यांत देतो : ‘मी चाळीसवरून सुरू केलं, आता सहाशे आहे.’

पहिल्या औषधांनी जीव वाचवला आणि अंगावर खुणा ठेवल्या. स्टॅव्ह्युडीनने गालांतली चरबी झिजे, हातपाय काड्यांसारखे होत, पोट मात्र सुटे. अहवाल कपाटात कुलूपबंद ठेवता येतो, चेहरा ठेवता येत नाही. ज्याला माहीत आहे तो दुसऱ्याला रांगेत नुसता पाहून ओळखे. तळपायांना कायम मुंग्या येत आणि लोकलमध्ये तासभर उभे राहणे नको होई. झिडोव्ह्युडीनने रक्त कमी होई, नखे काळसर पडत. एफाव्हिरेन्झ रात्री झोपताना घ्यायचे, कारण गरगरते आणि विचित्र स्वप्ने पडतात. रात्रपाळीच्या कामगाराने ते कधी घ्यावे याचे सोपे उत्तर नव्हते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन बंद करत नेण्याची शिफारस केली. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून दिवसाला एकच गोळी पुरते. गालांतले खड्डे मात्र बऱ्याच जणांचे भरून आलेले नाहीत.

गोळ्यांची बाटली

महिन्याच्या तीस गोळ्या प्लास्टिकच्या बाटलीत येतात आणि पिशवीत ठेवली की खुळखुळतात. वन रूम किचनमध्ये, सासू-दिरांच्या गर्दीत हा आवाज परवडत नाही. म्हणून बाटलीत वर कापसाचा बोळा दाबायचा, लेबल नखाने खरवडून काढायचे, नाहीतर गोळ्या कॅल्शियमच्या डब्यात ओतायच्या. समुपदेशक गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायला सांगतात, कारण ओलावा शोषणारी पुडी तिच्यात असते. कोकणच्या पावसात ते महत्त्वाचेही आहे. सल्ला सगळ्यांना पटतो आणि पुष्कळ जणी तो मोडतात.

याच भीतीपोटी लोक घराजवळचे केंद्र टाळतात. ठाण्याचा माणूस सायनला जातो, वाशीचा ठाण्याला येतो, गावाकडचा नाव नवी मुंबईत घालतो. ओळखीचे कोणी भेटले तर ‘शुगरच्या गोळ्या घ्यायला आलो’ हे ठरलेले उत्तर असते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा ही युक्ती अंगाशी आली. केंद्र खाडीपलीकडे आणि जायला वाहन नाही! मग एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देणे, कोणत्याही जवळच्या केंद्रातून त्या घेऊ देणे, कार्यकर्त्यांनी पोचवणे असे मार्ग निघाले. त्यातले जास्त महिन्यांच्या गोळ्यांचे वाटप पुढेही राहिले.

सवलतींचेही असेच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधित बसतात, रेल्वेत उपचाराच्या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गात निम्मे भाडे आहे. पण दाखला दाखवल्याशिवाय यांतले काही मिळत नाही, आणि तहसील कचेरीच्या खिडकीवर मागे उभ्या असलेल्या माणसाला सगळे ऐकू जाते. गरज असूनही अर्ज न करणारे बरेच आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

विधवा, घर आणि कायदा

महाराष्ट्रात जुन्या रुग्णांमध्ये विधवा मोठ्या संख्येने भेटतात. नवरा आधी आजारी पडला, त्याच्या औषधपाण्यात घरातले होते नव्हते ते गेले, आणि बायकोची तपासणी त्याच्यानंतर झाली किंवा गरोदरपणात झाली. तिला लागण उशिरा झालेली, त्यामुळे औषध येईपर्यंत ती उभी राहिली. सासरी मात्र ‘हिच्यामुळेच गेला’ हे ऐकावे लागले आणि खोलीवरचा हक्क गेला. अशा बायका धुणीभांडी, पोळ्यांची कामे, पॅकिंगची कामे करून मुले वाढवत राहिल्या. काही जणी पुढे केंद्रांवर आणि संघटनांत कार्यकर्त्या झाल्या. गोळ्या सोडलेल्याला फोन करून परत आणण्याचे काम त्यांच्याइतके कोणाला साधत नाही.

कायद्याचा पहिला मोठा आधार मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा तो निकाल होता. अर्जदाराचे नाव गुप्त ठेवून खटला चालला. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, उपचार, शिक्षण आणि भाड्याचे घर यांत भेदभावाला त्यात मनाई आहे, संमतीशिवाय कोणाची लागण उघड करता येत नाही आणि राहत्या सामाईक घरातून बाहेर काढता येत नाही. दीर्घकाळ जगलेल्या बहुतेक विधवांना घराबाहेर काढले गेले ते या कायद्याच्या कितीतरी आधी.

आजचे प्रश्न

नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की चाचणीत सापडत नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे २०१६ आणि २०१९ च्या ‘पार्टनर’ अभ्यासांनी दाखवले. ही माहिती केंद्राच्या भिंतीवरच्या फलकापर्यंत पोचली आहे. शेजारच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत ती पोचतेच असे नाही. मोतीबिंदू, हर्निया किंवा गर्भाशयाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आजही काही जणांना टोलवले जाते.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांचे दुखणे आता एचआयव्हीचे कमी आणि म्हातारपणाचे जास्त आहे, फक्त ते लवकर येते. हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट, हाडे ठिसूळ, टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, आणि बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सहापट. एआरटी केंद्र गोळ्या देते. बीपीसाठी वेगळी ओपीडी, साखरेसाठी वेगळी, हाडांसाठी तिसरी, आणि प्रत्येक ठिकाणी ‘आधी कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे की नाही हे नव्याने ठरवायचे. ५ जून हा दीर्घकाळ जगणाऱ्यांचा दिवस म्हणून २०१४ पासून अमेरिकेत पाळतात. ठाण्यात त्या दिवशी झाडे लावतात, कारण तो पर्यावरण दिनही आहे.

दुसरी पिढी वेगळीच आहे. आईकडून जन्मतःच लागण झालेली मुले आता पंचविशीत आहेत. मुलांसाठीची औषधे देशात २००६ अखेर आली. तोवर मोठ्यांची गोळी मोडून अंदाजाने द्यावी लागे. लहानपणी त्यांना ‘छातीचं औषध’ म्हणून सांगितलेले असते आणि खरे कळते ते दहावी-बारावीच्या सुमारास. वयाच्या मानाने त्यांनी पाहुण्यांपेक्षा समुपदेशक जास्त पाहिलेले असतात. त्यांच्यासाठी राज्यात बाधितांचे वधूवर मेळावे भरतात. लग्नानंतर मूल हवे असेल तर आईच्या गोळ्या गरोदरपणातही चालूच राहतात, बाळाला जन्मल्यापासून काही आठवडे औषध मिळते, सहाव्या आठवड्याला त्याची पहिली तपासणी होते आणि दीड वर्षाने शेवटची.