मिनिकॉय: सीमारेषेच्या अलीकडचे बेट

गोव्यात लक्षद्वीपचा विषय निघतो तो बहुधा पर्यटनाच्या ओघात, आणि २०२४ च्या आरंभी मालदीवशी उद्भवलेल्या वादानंतर तर 'आपली बेटे आणि त्यांची बेटे' अशीच त्याची मांडणी होऊ लागली. या विभागणीत मिनिकॉय नीट बसत नाही. लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाचे, जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्रफळाचे हे बेट भारताचे आहे यात शंका नाही. मात्र त्याच्या उत्तरेचे कल्पेनी बेट सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, तर दक्षिणेला ८ अंश चॅनेल या सामुद्रधुनीपलीकडे मालदीवचे पहिले बेट सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच लागते. लक्षद्वीपच्या इतर बेटांवर मल्याळमची जेसरी बोली बोलतात. मिनिकॉयची महल मात्र मालदीवच्या धिवेहीचीच बोली आहे आणि ती उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ताना लिपीत लिहितात. कुळाने ती सिंहलीप्रमाणेच इंडो-आर्य, म्हणजे मराठी-कोंकणीचीही दूरची नातलग आहे.

या समुद्राच्या इतिहासात गोवा अधूनमधून डोकावतो. सोळाव्या शतकाच्या मध्यास मालदीवचा एक पदच्युत सुलतान कोचीनला ख्रिस्ती झाला. पुढे १५५८ ते १५७३ मालदीवची राजधानी माले पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. पोर्तुगीज गेल्यावरही त्या सुलतानाचे वंशज नाममात्र राजे म्हणून गोव्यात राहिले. मिनिकॉय मात्र कण्णूरच्या अली राजा घराण्याकडे गेले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या घराण्याचे उरलेले हक्कही ब्रिटिशांनी घेतले. त्याआधीच, सुएझ कालवा खुला झाल्यावर एडन-कोलंबो मार्गावरची वाहतूक वाढली आणि १८८५ मध्ये बेटावर दीपगृह उभे राहिले. व्यापारी जहाजांवर नोकरी धरणाऱ्या पुरुषांची इथली परंपराही जुनी आहे. तारवटींच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या, घरांत वाढलेल्या गोमंतकीयांना त्यातले सुख-दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

१९५६ मध्ये या बेटांचा केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हा त्याच्या नावात मिनिकॉयचा स्वतंत्र उल्लेख होता. १९७३ मध्ये 'लक्षद्वीप' हे एकच नाव आले आणि तो उल्लेख गेला. त्याहून महत्त्वाचा निर्णय डिसेंबर १९७६ चा आहे. भारत आणि मालदीव यांनी अरबी समुद्रातली सागरी सीमा करार करून ठरवली. दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतराच्या तत्त्वावर आखलेली ही रेषा मिनिकॉयच्या दक्षिणेकडून जाते. युद्ध किंवा खटला न होता शेजाऱ्यांनी हद्द ठरवली, ही गोष्ट मोठीच आहे आणि तिचे श्रेय दोन्ही देशांना द्यायला हवे. १९८२ मध्ये मालदीवच्या अध्यक्षांच्या निकटच्या नातलगाने मिनिकॉयवर हक्क सांगितल्याचे प्रकरण गाजले, तेव्हाही आपला उल्लेख केवळ भाषिक आणि सांस्कृतिक जवळिकीचा होता, असा खुलासा तिथल्या सरकारने केला. प्रश्न त्यानंतर उरला नाही, असे साधारणपणे लिहिले जाते.

राज्यकर्त्यांपुरता तो उरला नाही, हे खरे आहे. पण सागरी करारात समुद्रतळ, मासे आणि खनिजे यांची वाटणी होते. पलीकडे दिलेल्या मुली, पलीकडचे मामा आणि होडीतून होणारी देवघेव यांची दखल अशा दस्तऐवजांत क्वचितच असते. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मिनिकॉय आणि मालदीव यांच्यातली थेट ये-जा खुंटत गेली, आणि कराराने त्या तुटलेपणावर कायद्याचे शिक्कामोर्तब केले. पोर्तुगीज गोव्याच्या १९५४ नंतरच्या नाकेबंदीत पत्रादेवी किंवा पोळे ही सीमेवरची नाकी ओलांडून नातलगांकडे जाण्यासाठी गोमंतकीयांना जो परवान्यांचा जाच सोसावा लागला, तो आठवला तर या तुटलेपणाचा अंदाज येईल. गोव्याची ती रेषा १९६१ मध्ये पुसली गेली. मिनिकॉयची पुसली जाणार नाही, तशी कोणाची मागणीही नाही. पण तिची किंमत कोणी मोजली, हे पार्श्वभूमी सांगताना वगळता येत नाही.

बेटावरचे रोजचे जीवन अजून ट्यूनाभोवती फिरते. आधी लगूनमधून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यातून, बारीक जिवंत मासे आमिषासाठी धरतात. बाहेर थवा सापडला की ते पाण्यात टाकतात, वरून पाण्याचे शिंतोडे उडवतात, आणि लांब काठीच्या बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा उचलून होडीत झटकतात. गळाला उलटा काटा नसल्याने मासा आपोआप सुटून पडतो. तो चिरून उकडतात, धुरी देतात आणि लाकडासारखा कडक होईपर्यंत उन्हात वाळवतात, या सुक्या माशालाच 'मास' म्हणतात. १९६९ पासून बेटावर डबाबंदीचा कारखानाही आहे. गावांचे प्रमुख पुरुषांत वेगळे आणि स्त्रियांत वेगळे असतात, लग्नानंतर पुरुष बायकोच्या घरी राहायला जातो, आणि माणसे दीर्घकाळ जहाजावर असल्याने घरचा कारभार स्त्रियाच पाहतात.

गोड्या पाण्याचा प्रश्न मात्र प्रवाळाच्या बेटाला जन्मजात असतो. पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगते आणि उपसा वाढला की विहिरी खाऱ्या होतात. २०११ मध्ये इथे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. त्यात वरच्या कोमट पाण्याची निर्वातात वाफ केली जाते आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने तिचे पुन्हा पाणी होते. प्रवाळाचे दुखणे याहून अवघड आहे. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण समुद्राने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर विरंजित झाले, म्हणजे रंग जाऊन पांढरे पडले. आमिषाच्या ज्या माशांवर इथली मासेमारी उभी आहे, त्यांतल्या अनेक जाती याच प्रवाळाच्या आसऱ्याने वाढतात.

मार्च २०२४ मध्ये मिनिकॉयवर नौदलाचा 'जटायू' हा तळ कार्यान्वित झाला आणि बेट पुन्हा बातम्यांत आले. सामरिक दृष्टीने तो योग्यच आहे. तथापि बातम्यांच्या नकाशांवर चॅनेल आणि जलमार्ग ठळक रेखले गेले, तेवढी जागा दहा हजारांवर माणसांच्या महल भाषेला मिळाली नाही, आणि बेटावरच्या मुलांचे शिक्षण अजूनही मुख्यतः मल्याळम आणि इंग्रजीतूनच होते.