ओढ्याच्या वरच्या अंगाला काय आहे?

जांबोटीच्या पुढं रस्ता सोडून रानात शिरलो आणि दुसऱ्या तासाला आमच्या बाटल्या कोरड्या पडल्या. जूनचा तिसरा आठवडा होता. ओढा समोरच, दोन्ही थड्या भरून वाहत होता, पण पाण्याचा रंग दूध घातलेल्या चहाचा. मी ऐटीत सॅकमधून नवा फिल्टर काढला. मुठीत मावेल एवढा, सोबत पिळायची पिशवी. पहिली बाटली दोन मिनिटांत भरली. दुसरीला दहा मिनिटं लागली. तिसरी अर्धी झाली आणि धार थेंबावर आली. पिळून पिळून मनगटं भरून आली, पाणी काही उतरेना.

म्हशी घेऊन चाललेले एक मामा काठी टेकून हा तमाशा बघत उभे होते. "प्यायचं पाणी पिळायला लागतंय होय रे तुम्हाला? कळशीत घालून ठेवा की रातभर. निवळतंय."

मामांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची जमीन जांभ्याची. पहिल्या पावसात त्या लाल मातीचा सगळ्यात बारीक भाग पाण्यात उतरतो. यातला रेतीसारखा कण पटकन बसतो. एक मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे १० मायक्रॉन जाडीचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला वीस मिनिटं घेत नाही. पण १ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढंच अंतर जायला तीस तास लागतात, कारण कणाचा आकार दहा पटींनी घटला की त्याचा बुडण्याचा वेग शंभर पटींनी घटतो. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना ढकलतात, एकत्र येऊन जड होत नाहीत. म्हणून मामांच्या कळशीत सकाळी तळाला गाळ दिसेल, वरचं पाणी पुष्कळ बरं दिसेल, पण लालसर झाक राहीलच. आणि नेमकी तीच झाक फिल्टरची भोकं बुजवते.

यावर जुना उपाय तुरटीचा. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा भार धन असतो, तो मातीच्या ऋण भाराला निष्प्रभ करतो, कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि भराभर तळाला जातात. निवळीची बी भांड्याच्या आतून उगाळतात तेव्हाही असंच कण गोळा करणं चाललेलं असतं. या झाडाला संस्कृतात कतक म्हणतात. 'निवळणे' हे क्रियापद आणि 'निवळी' हे झाड आपल्या भाषेत शेजारी शेजारी आहेत, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. आता पावसाळ्यात माझ्या सॅकमध्ये कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डबीत तुरटीची पूड असते. बाटलीला अगदी किंचित पुरते, चिमूटही जास्त होते.

ते जमत नसेल तर निदान कापड. आईची जुनी सुती साडी यासाठी सगळ्यात उत्तम. हे मायेपोटी म्हणत नाही. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ गावांत रिटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या गटानं हे तपासलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळलं तर कॉलरा जवळपास निम्म्यावर येतो. सतत धुतलेल्या सुताचे धागे फुगून पसरतात आणि चार पदरांत वीसएक मायक्रॉनची जाळी तयार होते. कॉलऱ्याचा जंतू त्याहून कितीतरी लहान असतो, पण तो पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो, आणि ते प्राणी साडीत अडकतात.

मामांचं उरलेलं निम्मं मात्र चुकीचं. निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. चकचकीत काचेसारख्या झऱ्यातही पोट बिघडवणारं काहीबाही असू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

ते किती लहान? बाजारातल्या चांगल्या हलक्या फिल्टरांची भोकं ०.१ मायक्रॉनची असतात. हे एक भोक म्हणजे एक फूट रुंदीची खिडकी आहे असं धरा. मग जिआर्डिया नावाचा एकपेशी परजीवी, जो रानात फिरणाऱ्यांना आठवडाभर ढेकर आणि जुलाब देतो, तो शंभर फुटांचा होतो. क्रिप्टोस्पोरिडियम चाळीस-साठ फुटांचा. पोटातला ई. कोलाय जंतू पाच फूट रुंद आणि वीस फूट लांब, म्हणजे टेम्पो. यातलं काहीही फूटभर खिडकीतून जात नाही. पण हिपॅटायटिस ए किंवा ई चा विषाणू या मापात जेमतेम तीन-चार इंचांचा. पोरांनी मारलेला चेंडू खिडकीतून आत यावा तसा तो येतो. आणि लेप्टोस्पायरा? तो फूटभर जाडीचा, शंभर फुटी, वळवळणारा अजगर. बारीक गाळणीतूनही तो पलीकडे निघतो, म्हणून प्रयोगशाळेत इतर जंतूंपासून त्याला वेगळं काढायला गाळणीच वापरतात. अर्थात लेप्टो मुख्यतः चिखलातून, पायाच्या जखमेतून शिरतो. जळवांनी चावा घेतलेल्या पायांनी भाताच्या खाचरातून चालणाऱ्यांनी फिल्टरपेक्षा बुटांचा विचार आधी करावा.

गाळणीतून निसटणारं असं काही असतं, हे कळलं तेच मुळी तंबाखूच्या पानातून. निपाणीच्या शेतकऱ्याला हा रोग सांगायला नको: पानावर फिकट-गडद हिरव्या रंगाचे ठिपके, पान आकसलेलं. पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबेरलां यानं १८८४ मध्ये चिनीमातीची गाळणी बनवली होती. आपल्या घरात पूर्वी असायचा तो 'कँडलचा फिल्टर' त्याच कुळातला. तिच्यातून एकही जंतू जात नसे. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यानं रोगट तंबाखूचा रस या गाळणीतून काढला, आणि गाळलेल्या रसानंही रोग झालाच. त्याला आधी गाळणीचाच संशय आला. १८९८ मध्ये मार्टिनस बायरिंक यानं ठामपणे म्हटलं की गाळणी ठीक आहे, हे जंतूपेक्षा वेगळं काहीतरी आहे, आणि त्याला 'व्हायरस' हे नाव वापरलं. आपल्या मापात तंबाखूचा हा विषाणू दोन इंच जाडीची, तीन फूट लांबीची काठी. फुटाच्या खिडकीतून काठी जाणारच.

मग भोकंच आणखी बारीक का करत नाहीत? कारण पाणी. भोकाची रुंदी निम्मी केली तर त्या भोकातून जाणारं पाणी सोळाव्या हिश्श्यावर येतं. तेवढ्याच जागेत चौपट भोकं बसवली तरी धार पावपटच राहते. विषाणू अडवायला भोक ०.०२ मायक्रॉनचं लागतं, आणि मग पाणी ढकलायला पंप. एमएसआर कंपनीचा गार्डियन असा आहे. वजन ४९० ग्रॅम. ग्रेलच्या जिओप्रेस बाटलीत दांडा दाबून पाणी गाळलं जातं. तिथं विषाणू भोकात अडकत नाहीत, भाराच्या ओढीनं आतल्या थराला चिकटतात. तिचं वजन ४५० ग्रॅम. उलट सॉयर मिनीसारखा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर ५७ ग्रॅम.

हलका म्हणजे कमअस्सल असं मात्र नाही. त्याच्या आत शेवयांच्या जुडीसारख्या पोकळ नळ्या असतात आणि नळ्यांच्या भिंतीतच भोकं असतात. डायलिसिसच्या यंत्रात रक्त धुवायला असल्याच पोकळ नळ्यांची जुडी असते. थोड्या जागेत गाळायचा पृष्ठभाग प्रचंड मिळतो, हे दोन्हीकडचं गुपित. खोक्यावरचे आकडे वाचताना एवढंच बघा की ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनपुढं 'अॅब्सोल्यूट' लिहिलंय का; 'नॉमिनल' असेल तर त्याहून मोठी भोकंही आहेत असं समजा. आणि 'फिल्टर' व 'प्युरिफायर' हे शब्द दुकानदार सैल वापरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या १९८७ च्या कसोटीनुसार प्युरिफायर म्हणवून घ्यायला जंतू ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के आणि जिआर्डियासारख्यांच्या पुट्या (म्हणजे त्यांची कवचबंद रूपं) ९९.९ टक्के काढाव्या लागतात. विषाणूंचा आकडा छापलेला नसेल तर तो फिल्टर.

आता निवड. इथं बहुतेक लोक ग्रॅम मोजत बसतात. मीही बसलो होतो. आज मला कोणी विचारलं तर मी उलट विचारतो, तू जाणार आहेस त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला काय आहे?

विषाणू बहुतेक माणसाकडून येतात. जिआर्डिया, क्रिप्टो आणि जंतू गुराढोरांकडून आणि गव्यांकडूनही. भीमगडच्या खोऱ्यात म्हादईला मिळणारा एखादा व्हाळ, ज्याच्या वर नुसतं रान आहे, तिथं ५७ ग्रॅमचा फिल्टर पुरेसा. त्याच व्हाळाच्या वर गवळी-धनगरांचा वाडा असेल तर गुरांची घाण धरून चाला. तरीही फिल्टर काम करतो. वर गाव असेल, मलप्रभा कणकुंबीत उगम पावून चार वस्त्या ओलांडून पुढं आलेली असेल, तर फिल्टरनंतर क्लोरीनची गोळी.

ही जोडी मला फार आवडते, कारण दोघांचे दोष एकमेकांना झाकतात. क्लोरीनला क्रिप्टो दाद देत नाही, त्याचं कवच जाड. पण तो फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टरमधून विषाणू निसटतात, आणि ते क्लोरीनला भराभर बळी पडतात. क्रम मात्र बदलू नये. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन मातीशी आणि कुजलेल्या पानांशी झगडण्यातच खर्ची पडतं. गाळल्यावर गोळी, मग अर्धा तास थांबणं. वास नको असेल तर अर्ध्या तासानंतर लिंबू पिळा. त्यातलं क जीवनसत्त्व उरलेलं क्लोरीन मारतं. आधी पिळलंत तर गोळी वाया. गोळ्यांची पट्टी पाच-दहा ग्रॅमची, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचं काम मी सत्तर ग्रॅमच्या आत उरकतो.

उकळणं सगळ्यांत खात्रीचं, यात वाद नाही. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, पण जंतू आणि विषाणू त्याआधीच मरतात. एक मिनिट खळखळून उकळलं की झालं. अडचण इंधनाची. एक लिटर थंड पाणी उकळायला सुमारे ३१० किलोज्यूल उष्णता लागते, आणि वाऱ्यात निम्मी वाया जाते हे धरलं तर लिटरला बारा-पंधरा ग्रॅम गॅस. चौघांना दोन दिवसांना चोवीस लिटर पाणी लागलं तर २३० ग्रॅमचं डबडं संपूनही पाणी उरतंच. भीमगडच्या अभयारण्यात चूल पेटवायला बंदी आहे, तेव्हा लाकडांचा विचारही नको.

काही पाणी असं असतं की कुठलाच फिल्टर त्याला पुरत नाही. भोकांच्या जाळीतून विरघळलेलं सगळं आरपार जातं: खत, तणनाशक, कारखान्याचं सांडपाणी. हुक्केरी-चिक्कोडीकडच्या उसाच्या पट्ट्यातून वाहणारे ओहोळ मी सोडून देतो. कोळशाचा थर असलेला फिल्टर यातलं थोडं शोषतो, पण कोळसा कधी भरला ते बाहेरून कळत नाही. बेळगावातून निघणारा बळ्ळारी नाला तर कोणत्याही यंत्रातून प्यायची माझी छाती नाही. गडांवरच्या टाक्यांचंही तसंच. उन्हाळ्यात टाक्यावर हिरवी-निळसर साय धरलेली दिसली तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असू शकतात. त्यातल्या काहींचं विष फिल्टरनं निघत नाही आणि उकळूनही जात नाही. तिथं खालच्या वाडीतून पाणी वाहून न्यायचं, लिटरला किलो, दुसरा मार्ग नाही.

विकत घेतल्यावर घरी दोन गोष्टी करून बघा. थंड पेयांच्या बाटल्यांचे आटे बहुतेक हलक्या फिल्टरांना बसतात; मिनरल वॉटरच्या पातळ बाटल्यांचे बसतीलच असं नाही. आमच्यातल्या एकाला हे चोर्ला घाटाच्या माथ्यावर कळलं. आणि फिल्टर पडला की आतल्या नळ्या तडकू शकतात, बाहेरून काही दिसत नाही. तो ओला करून स्वच्छ बाजूनं तोंडानं जोरात फुंका. ओल्या बारीक भोकात पाणी इतकं घट्ट धरून बसतं की माणसाच्या फुंकरीला ते हटत नाही. हवा सरळ पलीकडे गेली, बुडबुडे आले, तर कुठंतरी नळी फुटली आहे. तो फिल्टर गेला.

माझा त्या दिवशी बुजलेला फिल्टर मात्र वाचला. घरी आल्यावर मोठ्या सिरिंजनं उलट्या बाजूनं पाणी मारलं, पहिल्या तीन वेळा लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ. शेवटचं पाणी पागोळीचं वापरलं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, ते आत वाळलं असतं तर पुढच्या जूनला भोकांत मातीऐवजी खडू सापडला असता. पाण्यात ब्लीचचे दोन थेंब टाकून एकदा आतून फिरवलं, झटकलं, आणि टोपण न लावता आठवडाभर सावलीत खिडकीत ठेवलं.