दृश्य आराखडा-साधनांतील डेटा बाइंडिंग

डेटा बाइंडिंग म्हणजे पडद्यावरच्या एखाद्या घटकाचा गुणधर्म प्रोग्रॅममधल्या माहितीला बांधून ठेवणे. माहिती बदलली की पडदा आपोआप बदलतो. बांधणी दुतर्फा असेल, तर पडद्यावर टाइप केलेला मजकूरही माहितीपर्यंत पोहोचतो. हे काम कोड लिहून करता येतेच. या नोंदीचा विषय मात्र पडदा डोळ्यांसमोर ठेवून, माऊसने बांधणी करू देणारी साधने हा आहे. अशा साधनात बांधणी करणारा माणूस बऱ्याचदा डिझायनर असतो आणि माहितीचा साचा प्रोग्रॅमरने ठरवलेला असतो. दोघांमधला करार मुख्यतः नावांचा असतो. साच्यात ‘थकबाकी’ नावाचा गुणधर्म आहे, म्हणून पडद्यावरची चौकट ‘थकबाकी’ मागते. या तंत्राची सारी सोय आणि बहुतेक डोकेदुखी या नावांच्या करारातून येते.

एका आकड्यावर दुसरा अवलंबून ठेवायचा आणि पहिला बदलताच दुसऱ्याचा हिशेब आपोआप लागायचा, ही कल्पना १९७९ सालच्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटने सामान्य वापरकर्त्याच्या हाती दिली. फॉर्म काढण्याच्या साधनांत बांधणी आली ती अगदी साध्या रूपात. १९९३ च्या व्हिज्युअल बेसिक ३ मध्ये फॉर्मवर डेटा कंट्रोल, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा घटक, ठेवायचा, त्याला डेटाबेसमधले टेबल दाखवायचे आणि मजकुराच्या चौकटीला रकान्याचे नाव द्यायचे; कोडची एकही ओळ न लिहिता नोंदी पुढे-मागे करता येत. पण पडदा थेट टेबलाला जखडलेला राही. रकान्याचे नाव बदलले की फॉर्म मोडे, आणि मधल्या हिशेबाला जागाच नसे. ॲपलने २००३ साली मॅक ओएस एक्स १०.३ सोबत कोको बाइंडिंग्ज आणली, तेव्हा इंटरफेस बिल्डर या ॲपलच्या आराखडा-साधनातला घटक एका मधल्या कंट्रोलर ऑब्जेक्टला जोडता येऊ लागला.

या तंत्राचा सर्वांत सविस्तर आविष्कार मायक्रोसॉफ्टच्या एक्स्प्रेशन ब्लेंडमध्ये दिसतो, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहणे योग्य ठरेल. डब्ल्यूपीएफ हे विंडोजवरचे पडदे रचण्याचे फ्रेमवर्क २००६ च्या अखेरीस डॉट नेट ३.० या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग मंचाबरोबर आले आणि त्यासाठीचे आराखडा-साधन म्हणून २००७ मध्ये ब्लेंड. पडद्याचे वर्णन झॅमल या भाषेत साठवले जाते. ब्लेंडमध्ये डिझायनर चित्र काढतो आणि साधन मागे झॅमल लिहीत जाते. तीच फाइल प्रोग्रॅमर व्हिज्युअल स्टुडिओत उघडतो. मॉडेल (मूळ माहिती), व्ह्यू (पडदा) आणि व्ह्यूमॉडेल अशी तीन थरांची जी मांडणी आज एमव्हीव्हीएम म्हणून ओळखली जाते, तिची ओळख जॉन गॉसमन यांनी २००५ मध्ये लेख लिहून करून दिली. व्ह्यू डिझायनरच्या ताब्यात राहील हे त्यात गृहीतच होते. व्ह्यूमॉडेल म्हणजे पडद्याला हव्या त्या नावांनी आणि हव्या त्या रूपात माहिती पुरवणारा मधला थर. व्हिज्युअल बेसिकच्या काळात जी जागा रिकामी होती, ती या थराने भरली.

प्रत्यक्ष काम असे चालते. डेटा पॅनलमध्ये माहितीचा साचा झाडासारखा दिसतो. त्यातली यादी उचलून पडद्यावर टाकली की ब्लेंड लिस्टबॉक्स तयार करते आणि एका नोंदीचा नमुना, म्हणजे डेटा टेम्प्लेट, स्वतःच रचते. पॅनल तपशिलाच्या स्थितीत ठेवून तेच गुणधर्म ओढले, तर निवडलेल्या नोंदीचा तपशील दाखवणाऱ्या चौकटी तयार होतात आणि त्या यादीतल्या निवडीला बांधलेल्याच असतात. एक घटक दुसऱ्या घटकालाही बांधता येतो. स्लायडर सरकवला की अक्षरांचा आकार बदलावा, एवढ्यासाठी माहितीचा साचा लागत नाही. हो-नाही या मूल्यावरून घटक दिसावा की लपावा हे ठरवायचे असेल, तर मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे एका प्रकारचे मूल्य दुसऱ्या प्रकारात बदलणारा तुकडा, बसवतात.

माहितीच्या ऑब्जेक्टने मात्र बदलाची वर्दी दिली पाहिजे. साधा गुणधर्म बदलला तर पडद्याला कळत नाही. त्यासाठी डॉट नेटमध्ये ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’ हा इंटरफेस, म्हणजे ऑब्जेक्टने पाळायचा ठरलेला नियम, आहे. आराखडा करताना सगळे नीट दिसते आणि चालवल्यावर आकडा जागचा हलत नाही, अशा तक्रारीचे मूळ बरेचदा इथे सापडते.

आराखडा चालू असताना खरी माहिती हाताशी नसते. त्यासाठी २००९ च्या ब्लेंड ३ मध्ये नमुना-माहिती तयार करण्याची सोय आली. मजकूर, संख्या, हो-नाही आणि चित्र असे प्रकार निवडले की साधन नोंदी भरून देई. मजकुराच्या जागी लॅटिन शब्द, चित्रांच्या जागी खुर्च्यांचे फोटो. ही सोय मोलाची आहे, पण आयत्या नमुन्यावर विसंबून आराखडा पक्का करू नये. नमुना-माहिती हा कराराचा दुसरा भाग आहे: नावे साच्याने ठरतात, माहितीची लांबी-रुंदी नमुन्याने. गावाच्या रकान्यात ‘पुणे’ ठेवून रुंदी ठरवली की ‘छत्रपती संभाजीनगर’ कापले जाते. लॅटिन अक्षरांवरून ओळीची उंची पक्की केली की देवनागरीतल्या वेलांट्या आणि रफार वरून, उकार खालून छाटले जातात. मराठी पडद्यासाठी नमुना-नोंदी मराठीतच लिहाव्यात, आणि त्यात सर्वांत लांब नाव, रिकामे नाव व शून्य रक्कम हटकून ठेवावी.

आकड्यांचा घोटाळा याहून लपलेला असतो. डब्ल्यूपीएफमधली बांधणी संख्या आणि तारखा मांडताना संगणकाची प्रादेशिक निवड पाहत नाही. ती घटकाचा ‘लँग्वेज’ गुणधर्म पाहते, आणि तो मुळात अमेरिकन इंग्रजी असतो. त्यामुळे संगणक मराठीवर ठेवला तरी १२,३४,५६७ ही रक्कम स्वल्पविरामांसह मांडायला सांगितल्यावर १,२३४,५६७ अशी उमटते आणि १० मार्चची तारीख ३/१० दिसते, जी आपल्याकडचा वाचक ३ ऑक्टोबर अशी वाचतो. हप्त्याच्या किंवा औषधाच्या तारखेत ही चूक साधी राहत नाही. प्रोग्रॅम सुरू होतानाच हा गुणधर्म चालू प्रदेशानुसार बसवणे, किंवा त्या-त्या बांधणीला कन्व्हर्टर-कल्चर, म्हणजे कोणत्या प्रदेशाची पद्धत वापरायची ते, सांगणे, हा त्यावरचा उपाय.

बांधणीची दिशा ठरवावी लागते: एकदाच, एकतर्फी, दुतर्फा किंवा फक्त पडद्याकडून माहितीकडे. दुतर्फा बांधणीत मजकुराची चौकट मूळ माहिती बदलते ती अक्षरागणिक नव्हे, तर फोकस, म्हणजे टाइप करण्याची जागा, चौकटीबाहेर गेल्यावर. टूलबारवरचे ‘जतन करा’ बटण दाबले तर टूलबारचा फोकस वेगळा मोजला जात असल्याने चौकटीचा फोकस हलला असे धरले जात नाही आणि शेवटच्या चौकटीत टाइप केलेले जतन होतच नाही. बांधणीची ही सवय माहीत नसलेल्या माणसाला चूक शोधायला फार वेळ लागतो, कारण बाकीच्या सगळ्या चौकटी बरोबर चाललेल्या असतात.

नाव चुकले तर काय होते, हा कराराचा कसोटीचा प्रसंग. डब्ल्यूपीएफमध्ये प्रोग्रॅम थांबत नाही. चौकट रिकामी राहते आणि डीबग करताना आउटपुट खिडकीत एक ओळ उमटते. माहिती उशिरा येऊ शकते, म्हणून हे मौन मुद्दाम ठेवलेले आहे. पण प्रोग्रॅमरने गुणधर्माचे नाव बदलले आणि डिझायनरला कळवले नाही, तर ती रिकामी चौकट वापरकर्त्यापर्यंत जाते. झॅमलमध्ये ‘डी’ या उपसर्गाने फक्त आराखड्यापुरता माहितीचा प्रकार सांगता येतो. चालवताना तो भाग वगळला जातो, पण साधनाला नावांची यादी मिळते आणि चुकीचे नाव तिथेच लक्षात येते. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या ‘एक्स-बाइंड’ या बांधणीच्या नव्या प्रकाराने नावांची तपासणी कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याआधीच, करायला सुरुवात केली. तिथे न सांगितल्यास बांधणी एकदाच होते, त्यामुळे जुन्या सवयीने लिहिणाऱ्याचा पडदा पहिल्या मूल्यावर गोठतो.

२०१२ नंतर ब्लेंड व्हिज्युअल स्टुडिओसोबत मिळू लागले. ॲपलच्या २०१९ च्या स्विफ्टयूआयमध्ये आणि अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोजमध्ये पडदा कोडमध्येच लिहितात व शेजारी त्याचे पूर्वदर्शन दिसते. नमुना-माहितीही कोडमधूनच पुरवायची. निव्वळ चित्र काढणाऱ्या साधनांत वेगळीच गोष्ट घडते. स्केचमध्ये २०१८ पासून थरांत नावे आणि फोटो ओतता येतात, पण ते भरणे आहे, बांधणे नाही. फिग्मात २०२३ साली व्हेरिएबल्स आली आणि मजकूर, रंग किंवा दिसणे-लपणे एका नावाला खरोखर बांधता येऊ लागले. ते नाव मात्र फिग्मापुरतेच असते. चालू प्रोग्रॅममधल्या नावाशी त्याचा मेळ अजून माणसालाच घालावा लागतो.