बेळगावात तासभर, ध्रुवाकडे चार दिवस

बेळगाव-खानापूर भागात शॉर्टवेव्ह ऐकणारे आणि हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारक, बँड अचानक मेला की सूर्याला बोल लावतात. बोल खोटा नाही, पण सौरज्वालेचे, म्हणजे सूर्यावरच्या अचानक स्फोटाचे, रेडिओवर घाव दोन आहेत, आणि ते वेगळे आहेत हे उमगायला शतक गेलं.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यडागांजवळ पांढरा झोत, म्हणजे ज्वाला, पाहिला. साडेसतरा तासांनी चुंबकीय वादळ आलं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने चुंबकीय क्षेत्राची सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. त्या नोंदीचं खरं मोल २००३ मध्ये कळलं!

रेडिओ आल्यावर १९३५ मध्ये अमेरिकन रेडिओशास्त्रज्ञ डेलिंजरने दिवसाउजेडी लहरी गप्प होण्याचा संबंध ज्वालांशी जोडला. हा पहिला घाव: ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात, ६० ते ९० किलोमीटरवरचा डी-थर (वातावरणातला विद्युतभारित थर) दाट होतो आणि लहरी गिळतो. सूर्य डोक्यावर असेल तिथे मार जास्त. बेळगावात तो मेच्या सुरुवातीला आणि १० ऑगस्टच्या सुमारास माथ्यावर येतो. ध्रुवाकडे सूर्य तिरपा, म्हणून हा फटका तिथे सौम्य. खालची फ्रीक्वेन्सी आधी जाते, शेवटी परतते. १४ मेगाहर्ट्झ गेला तर २१ किंवा २८ लावून पाहावं.

दुसरा घाव २३ फेब्रुवारी १९५६ च्या मोठ्या ज्वालेनंतर स्पष्ट झाला. या वेळी प्रोटॉन आले होते. बेळगावचं भूचुंबकीय अक्षांश (पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून मोजलेलं) जेमतेम ८ अंश, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना इथे शिरू देत नाही. ध्रुवांवर मात्र वाट मोकळी. १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन साधारण ६५ किलोमीटरपर्यंत उतरतो, त्याच्या दहापट ऊर्जेचा ३० च्या आसपास. इतक्या खाली हवा दाट, म्हणून लहरी पार विरतात, तेही कित्येक दिवस. अंधारात इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटतात, तेव्हा जरा उसंत मिळते. हेच प्रोटॉन नायट्रोजनची ऑक्साइडं बनवून वरचा ओझोनही खातात. ऑगस्ट १९७२ मध्ये उपग्रहाने ते पाहिलं.

आता बेळगावहून शिकागो धरा. सरळ मार्ग ७५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. अँटेना उलटी फिरवून लांबच्या वाटेने जावं, तर ती अंटार्क्टिकावरून जाते आणि तिथेही तेच शोषण. अशा दिवसांत युरोपातला एखादा हॅम मध्ये घेऊन निरोप पुढे द्यावा लागतो.