तीन अकरे तेहतीस, मग युनिट बाराच का?

शेजारच्या काकांच्या गच्चीवर डिसेंबरात सोलर बसलं. प्रत्येकी 540 वॅटची 6 पॅनल, म्हणजे 3,240 वॅट. सोयीसाठी सगळे 3 किलोवॅट म्हणतात. आठवड्याभरात काका मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "काय ओ, सकाळी 7 ते संध्याकाळी 6 ऊन असतंय. तीन अकरे तेहतीस. मग ह्यात 12 युनिटच का दिसतंय? बाकीची वीज गेली कुठं?"

काकांचा पाढा बरोबर होता. किलोवॅटला तासांनी गुणलं की युनिट मिळतात, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण चिखलीच्या मळ्यात त्यांची 5 एचपीची मोटर आहे. एक एचपी म्हणजे 746 वॅट, तेव्हा ही मोटर झाली जवळपास पावणेचार किलोवॅटची. प्रत्यक्षात ती थोडी जास्तच वीज ओढते. तीन तास चालली की 11 युनिटांच्या वर खर्च. एचपी हा मोटरचा जोर आणि युनिट हे तिनं केलेलं काम, ही समज शेतकऱ्याला उपजत असते. मोटर बंद असली तरी ती 5 एचपीचीच असते, पण मीटर काही फिरत नाही. वीजबिलावरही दोन्ही आकडे वेगळे छापलेले असतात: मंजूर भार किलोवॅटमध्ये आणि वापर युनिटमध्ये.

गोम त्या 3 मध्ये आहे. पॅनलमागच्या पट्टीवर लिहिलेले 540 वॅट हा चाचणीतला आकडा. दर चौरस मीटरवर 1,000 वॅटचं ऊन आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान 25 अंश, अशा ठरावीक परिस्थितीत तो मोजतात. आपल्या गच्चीवर सकाळी आठचं ऊन तिरपं असतं, तेव्हा पॅनल त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास रेंगाळतं. दुपारी जोर येतो, चारनंतर पुन्हा उतरतो. दिवसभराचं हे कमी-जास्त ऊन गोळा केलं तर ते भर उन्हाच्या साधारण 5 तासांइतकं भरतं. त्यातून उष्णता, धूळ, तारा आणि पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर यांची गळती गेली की हातात उरतात 4 तास. तीन चोक बारा. काकांचं सोलर अगदी नीट चाललेलं होतं.

उष्णतेचं मात्र अनेकांना खरं वाटत नाही. सेल 25 अंशांपेक्षा जितका तापेल, तितकी दर अंशामागे वीज साधारण 0.35 टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पॅनल सहज 65 अंशांवर जातं. चाळीस अंश जास्त, म्हणजे 14 टक्के घट. 540 चे राहिले 464. पॅनलला ऊन हवं, ताप नको. म्हणून फेब्रुवारीतली स्वच्छ, गार सकाळ त्याला फार मानवते. आणि आषाढात झड लागली की दिवसाला 4-5 युनिटांवर समाधान मानावं लागतं. वर्षाचा हिशेब मांडताना ते दिवस धरूनच चालायचं.

पॅनल दक्षिणेकडे कलती का ठेवतात, हे अंबाबाईचा किरणोत्सव पाहणाऱ्या गावाला सांगणं सोपं आहे. मावळतीचे किरण नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस देवळात येतात, कारण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. कोल्हापूर 16.7 अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पण वर्षातले बरेच महिने दुपारी तो दक्षिणेलाच कललेला असतो. म्हणून पॅनलही साधारण 17 अंश दक्षिणेकडे झुकवलेलं बरं.

आता व्होल्ट आणि अँपिअर. नदीचं पाणी मळ्यात चढवायला दाब लागतो, तो व्होल्ट. पाइपातून पाणी किती वाहतं, ते अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. काकांचं एक पॅनल भर उन्हात सुमारे 41 व्होल्ट आणि 13 अँपिअर देतं. सहा पॅनल एकापुढे एक जोडली की दाबाची बेरीज होऊन 246 व्होल्ट होतात, प्रवाह तेराच राहतो. हे मुद्दाम करतात. तार तापते ती प्रवाहामुळे. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. घरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर 800 वॅटचा भार टाकला तर 67 अँपिअर ओढले जातात, म्हणून इन्व्हर्टरच्या त्या दोन तारा अंगठ्याएवढ्या जाड असतात. तिथं बारीक तार जोडणारा माणूस घराला आग लावण्याची सोय करत असतो.

पॅनलकडून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी असते, हेही गच्चीवर पाणी मारायला चढणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. घरातली एसी वीज सारखी दिशा बदलते आणि सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, तिची ठिणगी पेटलेलीच राहू शकते. ऊन असताना पॅनलचा जोड हातानं ओढून काढायचा नाही. आधी सोलरचा इन्व्हर्टर बंद, मग डीसीचा स्विच.

काकांना मी हे सगळं त्यांच्या गच्चीवरच सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे दिवसभराची सगळी वीज मळ्यातली मोटर तीन तासात खाणार." मग खाली जाऊन त्यांनी घरच्या इन्व्हर्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरचा आकडा दाखवला: 150 एएच, म्हणजे अँपिअर-तास. बाराला दीडशेनं गुणून, हजारानं भागून, त्यांनी स्वतःच सांगितलं: "एक पॉइंट आठ युनिट."